गॅरेजात मावलेली होडी

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, कनेटिकट राज्याच्या अगदी कोपऱ्यात स्टोनिंग्टन नावाचे जुने बंदर आहे. १९७५ साली तिथल्या एका घराच्या गॅरेजात गाड्यांच्या जागी लाकडाच्या फळ्या, रेझिनचे डबे आणि काचेच्या धाग्यांची कापडे येऊन पडली. घराचा मालक रॉड जॉनस्टन. 'साउंडिंग्ज' या होड्यांविषयीच्या नियतकालिकासाठी जाहिराती मिळवणे ही त्याची नोकरी. नौकारचनेची पदवी त्याच्याकडे नव्हती. वेस्टलॉन या संस्थेचा टपालाने चालणारा अभ्यासक्रम त्याने एकदा सुरू केला होता, तोही अर्धवट राहिला होता. मात्र शिडाच्या होडीवर बसून वारा अंगावर घेण्यात त्याचे सारे आयुष्य गेले होते.

सामानाचा खर्च होता सुमारे ४०० डॉलर. तारा, कप्प्या आणि इतर धातूचे सामान थोरला भाऊ बॉब याच्या जुन्या 'सोलिंग' होडीवरून काढून आणलेले. उरला प्रश्न होडी केवढी करायची याचा. त्याचे उत्तर गॅरेजनेच दिले. आत मावेल आणि पुरी झाल्यावर दारातून बाहेर निघेल एवढी. म्हणजे लांबी २४ फूट आणि रुंदी ९ फुटांच्या जरा आत.

या मापांकडे मी पुनःपुन्हा वळतो. जगातल्या सर्वांत जास्त बांधल्या गेलेल्या पठाणवाल्या, म्हणजे तळाला जड कणा असलेल्या, शर्यतीच्या होड्यांपैकी एकीचा आकार असा एका घराच्या भिंतींनी ठरवला. आणि त्या काळात होड्यांचा आकार खरोखर कोण ठरवत होते हे पाहिले, की त्या भिंतींचे उपकारच वाटू लागतात.

त्या काळी वेगवेगळ्या होड्या एकाच शर्यतीत उतरायच्या. मोठी होडी साहजिकच पुढे जाणार, म्हणून प्रत्येकीला मापांवरून एक आकडा द्यायचा आणि त्या आकड्याप्रमाणे वेळेची सवलत द्यायची, अशी पद्धत होती. सत्तरच्या दशकात यासाठी 'आयओआर' हा आंतरराष्ट्रीय नियम जोरात होता. नियमात ठरावीक जागी माप घेतले जाई. मग रचनाकार नेमक्या त्याच जागी होडीच्या अंगाला फुगवटा देत आणि मागची बाजू चिमटून अरुंद करत. कागदावर होडी लहान ठरे, सवलत वाढे. समुद्रावर मात्र मागून जोराचा वारा आला की अशी होडी वेड्यासारखी डोलू लागे आणि सुकाणू हाताला जुमानत नसे. मापाच्या टेपसाठी केलेला आकार पाण्याला कसा मानवणार?

रॉडला बायकोमुलांना घेऊन शर्यतीला जाता येईल अशी होडी हवी होती. शनिवारी शर्यत, रात्री आतच झोपायचे, रविवारी खाडीत भटकायचे. जुने जाणते सांगत की या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. शर्यतीला हलकेपणा लागतो. भटकंतीला बिछाने, पाण्याची टाकी, चूल आणि डोक्यावर छप्पर लागते. एकाची प्रत्येक सोय ही दुसऱ्यावरचे ओझे. दोन्ही करू पाहणाऱ्या बऱ्याच होड्या मग ना धड शर्यतीच्या, ना धड मुक्कामाच्या अशा राहत.

यात पाण्याचेही एक गणित आहे, ते समजून घेतल्याशिवाय रॉडने काय साधले ते कळत नाही. होडी चालते तेव्हा नाळेपाशी एक लाट उठते आणि मागे दुसरी. वेग वाढला की या दोन लाटांमधले अंतर वाढते. ते अंतर होडीच्या पाण्यातल्या लांबीएवढे झाले की होडी आपल्याच दोन लाटांच्या मधल्या खड्ड्यात अडकते. त्यापुढे जायचे तर तिला स्वतःची पुढची लाट चढून जावी लागते, आणि जड होडीला ते जमत नाही. रॉडच्या होडीची पाण्यातली लांबी होती २० फूट. या हिशेबाने तिची मर्यादा ताशी सुमारे ६ सागरी मैल, म्हणजे ११ किलोमीटर. तेवढ्याच लांबीच्या कुठल्याही जड होडीची मर्यादाही तीच. पण होडी हलकी असेल, तिचा तळ मागच्या बाजूला पसरट असेल आणि मागून चांगला वारा असेल, तर ती त्या खड्ड्यातून उसळून वर येते आणि पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावरून घसरत जाते. ज्याने एकदा हे अनुभवले आहे त्याला ते विसरता येत नाही. सुकाणूच्या दांड्यात एकाएकी कंप येतो, मागचा फेसाळ पट्टा सपाट होतो आणि होडीचा आवाजच बदलतो.

रॉडने मागची बाजू चिमटली नाही, रुंद ठेवली. पुढच्या शिडापेक्षा मोठ्या शिडावर भर दिला आणि डोलकाठीला पुढून धरणारी तार टोकापर्यंत न नेता थोडी खाली बांधली. त्यामुळे मागची तार ताणली की डोलकाठीचे टोक वाकते, मोठे शीड चपटे होते आणि वाढलेल्या वाऱ्यातही होडी ताब्यात राहते. खाली शिशाचा पंखासारखा पठाण आणि सुकाणू त्यापासून वेगळे, अगदी मागे. यातली कुठलीच गोष्ट त्याने पहिल्यांदा शोधली नव्हती. त्या सगळ्यांचा मेळ मात्र त्याने बसवला, आणि तो डोळ्यांनी बसवला. आठवड्याची नोकरी सांभाळून, मोकळ्या वेळात, घरच्यांच्या मदतीने काम चालले.

१९७६ च्या उन्हाळ्यात ही होडी 'रॅगटाइम' या नावाने पाण्यात उतरली.

कुठल्याही रचनाकाराच्या आयुष्यातला हा क्षण कठीण असतो. कागदावर सगळे बरोबर असते. पाण्यात सोडल्यावर होडी आखलेल्या रेषेवर तरंगते की नाळ खाली घालते, एका कुशीला कलते की सरळ राहते, हे पाणीच सांगते, आणि त्यावर अपील नसते. रॅगटाइम नीट तरंगली. मग घरचीच माणसे घेऊन रॉड आसपासच्या शर्यतींत उतरला आणि होडी जिंकू लागली. एखाद्या दिवशी वारा पावला म्हणून नव्हे, सतत जिंकू लागली. नामवंतांनी आखलेल्या, कितीतरी महागड्या होड्यांचे मालक किनाऱ्यावर येऊन या घरगुती होडीचा तळ वाकून पाहू लागले. लोक विचारू लागले, अशी दुसरी मिळेल का?

दुसरी कशी मिळणार? एक होडी बांधायला पुरा हिवाळा गेला होता.

बॉब जॉनस्टन तेव्हा 'एएमएफ आल्कॉर्ट' या कंपनीत विपणन विभागाचा उपाध्यक्ष होता. 'सनफिश' ही लोकप्रिय छोटी होडी बनवणारी ती कंपनी. साधारण अशाच होडीला बाजार आहे असे तो तिथे सांगत होता, पण वरिष्ठांना ते पटले नाही. शेवटी दोघे भाऊ स्वतःच या धंद्यात उतरले आणि १९७७ च्या सुरुवातीला बॉबने नोकरी सोडली. पण त्याआधी हवा होता कारखाना, आणि कारखाना म्हणजे एव्हरेट पिअरसन.

इथे गोष्ट थोडी मागे न्यावी लागते, कारण पिअरसनशिवाय ही होडी गॅरेजातच राहिली असती.

ज्या काचेच्या धाग्यांवर हा सगळा व्यवहार उभा आहे, ते सहज बनवण्याची रीत अपघाताने सापडली. १९३२ साली ओहायोतल्या ओवेन्स-इलिनॉय या काच कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेच्या दोन विटा हवाबंद सांधण्याचा प्रयत्न करत होता. वितळलेल्या काचेच्या धारेवर दाबाच्या हवेचा झोत बसला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. सांधा फसला. पण त्याचा वरिष्ठ गेम्स स्लेटर याने त्या उडालेल्या तंतूंची किंमत ओळखली. पुढे पॉलिएस्टर रेझिन आले आणि १९४२ च्या सुमाराला रे ग्रीन याने टोलेडो शहरात काच आणि रेझिनची एक छोटी होडी बनवली. काचेचा धागा ताण सोसतो पण नुसता ठेवला तर लुळा, रेझिन कडक पण ठिसूळ. दोघे एकमेकांना मिठी मारून बसले की जे तयार होते ते कुजत नाही, त्याला समुद्रातला किडा पोखरत नाही आणि फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपत नाही, कारण सांधेच नसतात.

आपल्या कोकणात ज्यांनी दर पावसाळ्याआधी लाकडी होड्या वर ओढून, सांधे बुजवून, झापांनी शाकारलेल्या पाहिल्या आहेत, त्यांना या शेवटच्या वाक्याची किंमत सांगायला नको. आज बंदराबंदरांत 'फायबरची होडी' हा शब्द इतका रुळला आहे, की तिच्यामागे असा काही प्रवास असेल हे मनातही येत नाही.

क्लिंटन आणि एव्हरेट पिअरसन हे चुलतभाऊ. त्यांनीही सुरुवात गॅरेजातूनच केली, पन्नासच्या दशकाच्या मध्यावर, छोट्या छोट्या डिंग्या बनवून. मग कार्ल अल्बर्ग या स्वीडनहून आलेल्या रचनाकाराने त्यांना २८ फुटांची 'ट्रायटन' आखून दिली. जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती मांडायची होती. होडी तिथवर न्यायलाही पैसे उसने घ्यावे लागले. हॉटेलचे बिल द्यायचे तर होडी विकली जायला हवी, अशी वेळ होती. प्रदर्शन संपले तेव्हा हातात १७ मागण्या होत्या. पुढे अशा सातशेवर ट्रायटन निघाल्या.

त्या पहिल्या पिढीला एक गोष्ट उमगलेली नव्हती, आणि उमगावी कशी? काच-रेझिनचे कवच किती जाड हवे, हे सांगणारा अनुभवच कुणाकडे नव्हता. लाकडाच्या सवयीने बरेच जण भरपूर जाड थर देत. त्या होड्या आजही ठणठणीत आहेत, पण जड आहेत. रॅगटाइमसारखी होडी तशा कवचाची केली असती तर ती त्या दोन लाटांच्या खड्ड्यातून कधीच उसळली नसती. कवच पातळ करावे तर ते लाटेच्या माराने आत-बाहेर श्वास घेतल्यासारखे हलते.

यावर एव्हरेटकडे उपाय होता. रॅगटाइम आली तोवर तो जुनी कंपनी सोडून ऱ्होड आयलंडमध्ये 'टिलोट्सन-पिअरसन' ही नवी कंपनी चालवत होता आणि बाल्सा लाकडाच्या कामात त्याचा हात बसला होता. बाल्सा मुख्यतः इक्वेडोरमध्ये वाढतो, आणि वजनाने थर्माकोलची आठवण करून देणारा. त्याचे ओंडके आडवे कापायचे. म्हणजे बारीक नळ्यांसारखे त्याचे तंतू चकतीत उभे राहतात. असे चौकोनी तुकडे जाळीदार कापडावर शेजारी शेजारी चिकटवले की ती चटई होडीच्या वळणाप्रमाणे वाकते. तिच्या दोन्ही बाजूंना काच-रेझिनचा पातळ थर द्यायचा. पत्र्याची जाडी दुप्पट केली की त्याचा ताठपणा आठपट होतो, हा इथला कळीचा नियम. मधला बाल्सा जाडी देतो, वजन फारसे देत नाही. उभे तंतू दोन्ही थरांना एकमेकांजवळ येऊ देत नाहीत.

१९७६ च्या शरद ऋतूत एव्हरेट पिअरसनने ही होडी बांधायची तयारी दाखवली. रॅगटाइमचा आकार आता साच्यात उतरवायचा होता.

हे काम जवळून पाहिले पाहिजे. साचा म्हणजे होडीचा उलटा ठसा, आतून आरशासारखा गुळगुळीत. त्याला मेण लावतात, पुसतात, पुन्हा लावतात. कारण तिथे राहिलेला केसभर ओरखडा पुढच्या प्रत्येक होडीच्या अंगावर उमटणार. मग जेलकोटचा फवारा, म्हणजे होडीची सगळ्यात बाहेरची चकचकीत त्वचा. लाकडी होडीत रंग शेवटी लागतो, इथे तो सगळ्यात आधी. होडी बाहेरून आत बांधली जाते. त्यावर काचेच्या धाग्यांच्या कापडाचा थर अंथरायचा. हार्डनर मिसळलेले रेझिन ओतले की पांढरे कापड हळूहळू पारदर्शक होत जाते, आणि तेच ते पुरते भिजल्याची खूण. कुठे पांढरा ठिपका राहिला म्हणजे तिथे हवा अडकली. खाचांचा रोलर फिरवून ती काढायची, तीही घाईने, कारण रेझिन घट्ट होऊ लागलेले असते. तळहात जवळ नेला तर त्याची ऊब लागते. शेडभर रेझिनमधल्या स्टायरिनचा उग्र वास, मनगटांना काचेची खाज, आणि त्यातही हात थांबवता येत नाही. मग बाल्साची चटई, तिच्यावर आतला थर. सगळे आळले की कवच साच्यातून सुटते आणि वर उचलले जाते. हे काम हाताचे आहे, यंत्राचे नाही. एखाद्या कारागिराने चार ब्रश रेझिन जास्त ओतले तर होडी तेवढी जड होते, म्हणून कापडही मोजून, रेझिनही मोजून.

साच्याचा खर्च अनेक होड्या काढायच्या असतील तरच परवडतो. एकच होडी बांधायची असेल तर लाकडावर काच चढवायची वाट आजही आहे. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी नौदलासाठी 'म्हादेई' बांधली ती सीडर लाकडाच्या पट्ट्यांवर काच-एपॉक्सीचे थर देऊन. तिच्यातूनच दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

१९७७ साली पहिली होडी साच्यातून बाहेर आली. आडनावाचे पहिले अक्षर आणि लांबी घेऊन तिचे नाव ठेवले 'जे-२४'. वजन ३,१०० पौंड, म्हणजे सुमारे १,४०० किलो. त्यातले ९५० पौंड पठाणाच्या शिशाचे. पाण्याखाली खोली ४ फूट. आत चार जणांच्या निजण्याची जागा आणि छोटासा स्वयंपाकाचा कोपरा. मागण्या शेकड्यांनी आल्या.

आता जॉनस्टन बंधूंपुढे तो निर्णय आला ज्यासाठी मी ही गोष्ट लिहायला घेतली.

प्रत्येक रचनाकाराला आपल्या कामातली उणीव सगळ्यात आधी दिसते. पुढच्या वर्षी सुकाणू थोडे पातळ करावे, पठाण जरा मागे घ्यावा, वजन अजून उतरवावे. साचा बदलला की होडी बदलली, आणि बाजारही नव्या मॉडेलचीच वाट पाहत असतो. पण बदललेली होडी निघाली की कालपर्यंत विकलेली प्रत्येक होडी मागे पडते. ज्या कुटुंबाने गेल्या वर्षी पैसे साठवून ती घेतली, ते यंदा आपल्या चुकीशिवाय हरणार. जॉनस्टन बंधूंनी ही होडी 'वन डिझाइन' ठेवली. एकच आकार, एकच वजन, शिडांची ठरलेली मापे, बांधणारा मंजुरी घेतलेलाच. सवलतीचा आकडा नाही, वेळेचे गणित नाही. जो आधी पोचला तो जिंकला. ही कल्पना जुनीच आहे. मुंबई बंदरात कित्येक दशके धावलेल्या 'सीबर्ड' या लाकडी होड्याही एकाच आराखड्यावर बांधलेल्या होत्या. पण दोन लाकडी होड्या कितीही निगुतीने बांधल्या तरी जुळ्या बहिणींसारख्या नसतात. साच्याने हे साधले, आणि साच्यापुढे आपला हात आवरायचा हे रॉडने स्वीकारले. सुधारणेची ओढ त्याने पुढच्या होड्यांमध्ये भागवली, त्या पुष्कळ झाल्या. ही मात्र जिथे होती तिथेच ठेवली.

या होडीचा कैवार घेऊनही एक गोष्ट मान्य करायला हवी. तिच्यात मुक्काम करणे सोपे नाही. आत उभे राहता येत नाही, बसूनच वावरावे लागते. तरुण जोडप्याला दोन रात्री गमतीच्या, चौघांना आठवडाभर जाच. शर्यत आणि भटकंती यांच्या तराजूत पारडे शेवटी शर्यतीकडेच झुकले. बाल्साचेही तसेच. वरच्या थरात एखाद्याने निष्काळजीपणे स्क्रूचे भोक पाडले आणि ते नीट बुजवले नाही, तर पाणी आत उतरते आणि मधले लाकूड सडते. बाहेरून तुकतुकीत दिसणारा भाग मग ठोकून पाहिला की टणक न वाजता बद्द वाजतो. जुनी जे-२४ घेणारे लोक म्हणूनच छोटी हातोडी घेऊन हिंडतात आणि कान देऊन ऐकतात.

तरी बद्द न वाजणाऱ्या होड्या हजारोंनी आहेत. आजवर साडेपाच हजारांच्या आसपास जे-२४ बांधल्या गेल्या. केन रीड या अमेरिकन खलाशाने तिच्या जागतिक स्पर्धा सहा वेळा जिंकल्या आणि पुढे तो पृथ्वीभोवतीच्या शर्यतींत कप्तान झाला. पन्नाशीकडे झुकलेली होडी नव्या कोऱ्या होडीशेजारी उभी राहते आणि हरली तर दोष वयाला देता येत नाही.

मोठ्या स्पर्धेआधीची सकाळ पाहावी. क्रेनच्या आकड्याला होडी लटकते, पठाणावरून पाणी निथळत असते आणि सगळ्यांचे डोळे वजनाच्या आकड्यावर. हलकी भरली तर ठरलेल्या जागी वजन बसवून ती बरोबरीला आणायची. मग माणसांची पाळी. होडीवरच्या सगळ्यांचे मिळून ४०० किलोंच्या आत, म्हणून आदल्या रात्री उपाशी झोपलेले चेहरेही त्या रांगेत दिसतात. शिडे जमिनीवर पसरून त्यांना टेप लावली जाते. रुंदी तर साच्यातूनच आलेली असते, ८ फूट ११ इंच.